पिकअपचे रंगीत दिवे आणि रंगाखाली अडलेले अर्थिंग

पिकअपच्या हौद्यात अंबर रंगाच्या एलईडी पट्ट्या बसवायला मला एक दुपार पुरली, पण त्या बिनधोक पेटायला पुढचे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांची चीड अजून ओसरलेली नाही.

पट्ट्या चिकटवणे, चासीच्या कडेने वायर नेणे, रिले आणि स्विच जोडणे हे सगळे विनासायास पार पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागे उभ्या असलेल्या मुलाने सांगितले, "बाबा, ब्रेक दाबला की पट्ट्या मंद होतात आणि इंडिकेटरसुद्धा थोडा पेटतो." माझ्या हौसेपायी मागच्या चालकाला चुकीचा इशारा जाणार असेल, तर ती गाडी रस्त्यावर नेणे योग्य नव्हते. मी ती उभी करून ठेवली आणि एका इलेक्ट्रिशियनला बोलावले.

त्यांनी दिवे बंद ठेवून मल्टिमीटरवर अर्थिंगचा, म्हणजे प्रवाहाच्या बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेचा, जोड सलग असल्याचा बीप ऐकला, अर्थिंग ठीक असल्याचे सांगितले आणि दोष पट्ट्यांवर ढकलला. नव्या पट्ट्या येईपर्यंत आठ दिवस गेले आणि त्या लावल्यावरही इंडिकेटर तसाच मिणमिणत राहिला. त्यावर "एलईडी म्हटले की एवढे चालायचेच" असे उत्तर मिळाले, तेव्हा मी स्वतःच मीटर हातात घेतला.

बीपच्या चाचणीत तारेतून अगदी नगण्य प्रवाह जातो, त्यामुळे जेमतेम टेकलेला जोडही त्यात पास होतो. जोडाची खरी परीक्षा भार पडल्यावरच होते. म्हणून सगळे दिवे लावले, मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक पट्टीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. हा आकडा शून्याच्या जवळ, फार तर 0.2 व्होल्टपर्यंत असायला हवा. माझ्याकडे तो 2.3 आला. परतीची वाट अडली की प्रवाह शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट काढतो, आणि इंडिकेटर पेटत होता तो त्यामुळेच.

मागच्या दिव्यांच्या अर्थिंगचा बोल्ट खोलल्यावर चूक समोर आली, आणि ती माझीच होती. मी पट्ट्यांची थिंबल (वायरच्या टोकाला लावलेली धातूची कडी) कंपनीच्या थिंबलखाली सरकवली होती. ती रंगावर बसली होती आणि तिच्यामुळे मूळ थिंबलही उघड्या पत्र्यापासून उचलली गेली होती. मूळ थिंबल पूर्वीच्या जागी घट्ट बसवली. पट्ट्यांसाठी चासीवर वेगळा बोल्ट निवडला, कारण हौदा हा स्वतंत्र सांगाडा असून त्याचा चासीशी विजेचा संपर्क भरवशाचा असतोच असे नाही. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, थिंबल आवळली आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावले. आकडा 0.06 वर आला आणि इंडिकेटर पूर्ण विझला. त्या क्षणी फार हलके वाटले.

आधीच सांगायला हवे होते ते म्हणजे, कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक पहिले सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेल्यास पान्याचा बॉडीला स्पर्श होताच शॉर्ट होतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो दिव्यांपेक्षा वायरच्या रक्षणासाठी असतो. माझ्या पट्ट्या एकूण 72 वॅटच्या, म्हणजे 12 व्होल्टला 6 अँपिअर घेणाऱ्या आहेत; त्यांना 10 अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून जास्त भार पेलणारी वायर घातली. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावा, नाहीतर हादऱ्यांनी आवरण कापले जाते.

रंग निवडताना स्थानिक नियम अवश्य पाहावेत. 1968 च्या व्हिएन्ना रस्तेवाहतूक करारानुसार वाहनाच्या समोरून लाल दिवा दिसता कामा नये, आणि लुकलुकणारा निळा दिवा अनेक देशांत आपत्कालीन वाहनांसाठीच राखीव असतो. माझ्या पट्ट्यांना वेगळा स्विच आहे आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी मी तो बंद करतो.