लपायच्या जागा

बंदूक रोखून सुसाट धावायच्या गेममध्ये जागा लक्षात राहत नाही. समोरचा शत्रू पडला की पुढची खोली, मागची विसरली. लपूनछपून खेळायच्या गेमचं उलट असतं. तिथे निम्मा वेळ ट्रकखाली पडून राहण्यात जातो. पहारेकरी कुठवर येतो, कुठे वळतो, कॅमेऱ्याची मान कुठपर्यंत फिरते, हे बघत बसायचं. रात्री उशिरा गुपचूप घरात शिरणाऱ्या पोराला जिन्याची कुठली पायरी करकरते ते पक्कं ठाऊक असतं ना, तशी ती जागा अंगात मुरते. म्हणूनच अशा गेमचा पुढचा भाग आला की जुने खेळाडू नव्या हत्यारांच्या बातम्या वाचतात खरे, पण जीव अडकलेला असतो जुन्या कानाकोपऱ्यांत.

हे नेमकं ओळखलं ते २००८ साली प्लेस्टेशन ३वर आलेल्या ‘मेटल गिअर सॉलिड ४’ने.

मुळात ही मालिकाच अडचणीतून जन्मलेली. १९८७ साली हिदेओ कोजिमा यांनी कोनामी कंपनीसाठी पहिला ‘मेटल गिअर’ केला, तो एमएसएक्स२ या संगणकावर. त्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या. मग लढायचंच कशाला, लपूया! पण जगभरच्या पोरांना वेड लागलं ते १९९८च्या ‘मेटल गिअर सॉलिड’ने. अलास्कातलं शॅडो मोझेस नावाचं काल्पनिक बेट, तिथला लष्करी तळ आणि गेमचा नायक, एकटा सॉलिड स्नेक. बर्फात उमटलेले त्याचे ठसे बघून पहारेकरी माग काढत यायचे. पुठ्ठ्याचा खोका अंगावर घेऊन त्यांच्या नाकासमोर बसून राहायचं. पहारेकऱ्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह आणि तो ‘टिंग’ आवाज आला की संपलं.

त्यात मेरिल या साथीदार सैनिक पोरीशी बोलायला लागणारा रेडिओ क्रमांक चक्क सीडीच्या वेष्टनाच्या मागे छापलेला होता. आपल्याकडे ज्यांची सीडी नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटातून आलेली, त्यांनी काय करायचं? एकेक आकडा फिरवत बसायचं, नाहीतर कुणीतरी जाणता गाठायचा. १४०.१५ हा आकडा काहींना आजही झोपेत विचारला तरी सांगता येईल.

नंतर २००१च्या दुसऱ्या भागाने चाहत्यांना चांगलंच गंडवलं. जाहिरातीत स्नेक, आणि सुरुवातीचं जहाज संपलं की हातात रायडन नावाचा कुणी नवखाच. तेव्हाची चिडचिड जुने लोक अजून विसरलेले नाहीत. (तो भाग आता फार हुशार वाटतो, पण ते आता.)

चौथ्या भागात स्नेक परत आला तो म्हातारा होऊन. शरीर अकाली थकलेलं, केस पिकलेले, मध्येच कंबर धरतो. तीन अंक जगभर हिंडवून गेम चौथ्या अंकाशी येतो आणि पडद्यावर अचानक १९९८चं चित्र लागतं. तेच ठोकळेबाज, चेहरा नसलेले सैनिक, तेच हेलिपॅड. नुसतं दाखवत नाहीत, खेळायला देतात. आणि बोटं आपोआप त्याच वाटेने जातात! मग स्नेक दचकून जागा होतो. स्वप्न होतं ते. आता तो खरोखरच शॅडो मोझेसला निघालाय.

तळ ओसाड आहे. भिंतीवरचा तो छळवादी कॅमेरा आपण जवळ जाताच गंजून खाली कोसळतो. जुनी हाडं! इथे माणूस पहाऱ्याला नाही, यंत्रं आहेत. ठराविक जागी उभं राहिलं की जुने संवाद कानावर येतात. १९९८च्या गेममध्ये इथे सीडी बदलावी लागायची, म्हणून स्नेकचा साथीदार ओटाकॉन सवयीने स्नेकला डिस्क बदलायला सांगतो, मग त्यालाच आठवतं की आता जास्त मावणारी ब्लू-रे डिस्क आलीय, गरज नाही. नव्याने आलेल्याला हे काहीच कळत नाही. त्याच्या लेखी हा एक थंड, रिकामा तळ. जुना खेळाडू मात्र एकटाच हसत सुटतो.

मनातलं वाचणाऱ्या सायको मँटिस या खलनायकाची गंमत तर त्याहून वरची. पूर्वी तो खेळ साठवायचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही कोनामीचे कुठले गेम खेळता ते सांगायचा, तेव्हा लोक खरंच टरकले होते. २००८ साली तो पुन्हा येतो, कार्ड वाचायला जातो, तर प्लेस्टेशन ३ला कार्डच नाही! मग तो कंट्रोलर थरथरवून दाखवतो. सुरुवातीचा, न थरथरणारा कंट्रोलर असेल तर तेही जमत नाही आणि बिचारा कोलमडतो.

गेम निर्दोष आहे असं नाही. पात्रं बोलत सुटतात, कंट्रोलर बाजूला ठेवून चहा करून यावा इतकी. शेवट तर तासाहून लांब. पण त्याच शेवटाआधी जहाजाच्या माथ्यावर स्नेक आणि त्याचा वैरी असे दोन म्हातारे गुद्दागुद्दी करतात, तेव्हा त्यांचा उरलेला जीव दाखवणारी पडद्यावरची पट्टी आणि संगीत आधीच्या एकेका भागाप्रमाणे बदलत जातं. पट्टी बदलली की कुठला भाग चाललाय ते कुणी सांगावं लागत नाही. मधलं ते सगळं भाषण मी तेवढ्यासाठी माफ केलं.