दोन शेगड्या, सहा माणसं आणि मसालेभात

छोट्या फ्लॅटमध्ये सहा जणांना जेवायला बोलवायचं तर पोळ्यांच्या नादी लागू नका. पाच लिटरच्या कुकरात मसालेभात लावा, सोबत मठ्ठा. त्याला गॅस लागत नाही.

तीन वाट्या कोलम धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा. पाणी राहिलं की तांदूळ परतताना मोडतो आणि भाताचा गोळा होतो. एका शेगडीवर सहा वाट्या पाणी उकळत ठेवा. दुसरीवर कुकरात पाव वाटी तेलाची मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करा. (त्याआधी खिडकी उघडा, नाहीतर बाहेरची खोली खोकत बसते.) उभी चिरलेली पाव किलो तोंडली परता, मग तांदूळ. गोडा मसाला तांदळावरच, दोन मोठे चमचे. नुसत्या तेलात तो करपून कडू होतो. मीठ, चिमूटभर गूळ, उकळतं पाणी. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या.

वाफ आपोआप जिरू द्या. झाकण काढल्यावरही दहा मिनिटं डाव घालू नका, गरम शीत लगेच तुटतं. वाढताना ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप. तुपात काटकसर नको.