दिवा लुकलुकत होता, काम थांबलं होतं

माझ्या सेन्सर-बोर्डकडून नोंदींची शेवटची ओळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी आली होती. मी सकाळी साडेनऊला बघितलं, तेव्हा बोर्डवरचा हिरवा दिवा नेमाने लुकलुकत होता. तापमान आणि आर्द्रता दर सेकंदाला मोजून दहा सेकंदांची सरासरी पाठवणं, एवढंच या यंत्राचं काम आणि तेच सहा तासांहून जास्त वेळ बंद होतं. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर प्रोसेसर पुन्हा सुरू करणारा पहारेकरी, चालू होता, तरी त्याने रिसेट दिला नव्हता.

मी आमच्या टीममधल्या सरांना म्हटलं, "सर, दिवा चालू आहे म्हणजे प्रोसेसर हँग नाहीये."

"अगं, पण दिवा लावतंय कोण, ते बघ आधी."

दिवा टायमर इंटरप्ट लावत होता, म्हणजे ठरावीक वेळाने चालू काम मधेच थांबवून चालणारा छोटा कोड. वॉचडॉगला किक मारणारी, म्हणजे 'मी जिवंत आहे' असं सांगणारी ओळही त्याच इंटरप्टमध्ये, दिव्याच्या ओळीच्या लगेच खाली. ती मीच लिहिली होती. मुख्य लूप, म्हणजे खरी कामं फिरून फिरून करणारा कोड, एका जागी अडकून पडला होता, पण इंटरप्ट वेळच्या वेळी येऊन वॉचडॉगला 'सगळं ठीक आहे' असं कळवत होता. ज्या एका प्रसंगासाठी वॉचडॉग ठेवला, त्याच प्रसंगात मी त्याला खोटी खबर देत होते. हे मला फार लागलं.

हार्डवेअर वॉचडॉग म्हणजे खाली मोजत जाणारा काउंटर. शून्याच्या आत फर्मवेअरने (बोर्डवरच्या प्रोग्रामने) किक मारून तो पुन्हा भरला नाही, तर तो प्रोसेसर रिसेट करतो. माझ्या बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर आहे. त्यातला स्वतंत्र वॉचडॉग आतल्या वेगळ्या आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे स्वतःच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे मुख्य क्लॉक बंद पडला तरी याची मोजणी थांबत नाही. एकदा सुरू केला की रिसेट होईपर्यंत सॉफ्टवेअरला तो बंदही करता येत नाही. भरकटलेल्या कोडच्या हाती वॉचडॉगचा स्विच नसतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग मी किक मुख्य लूपमध्ये हलवली आणि बोर्डला रिसेटवर रिसेट बसायला लागले.

तारांवरचे सिग्नल दाखवणारा लॉजिक ॲनालायझर लावला. सेन्सर आणि प्रोसेसर आयटूसी या दोन तारांच्या बसवरून बोलतात; तिची क्लॉकची एससीएल लाइन वर, डेटाची एसडीए खाली, दोन्ही निश्चल. रिसेट पिनवर मात्र ठरावीक अंतराने एक बारीकसा खड्डा दिसत होता, दर रिसेटला एक. सेन्सर एक बाइट पाठवत असताना मधेच क्लॉक चुकला होता. उरलेले बिट द्यायला तो पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए खाली धरून बसला होता. माझा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा कोड, ही बस मोकळी होण्याची वाट बघत होता, तीही कसलीच मुदत न घालता. वॉचडॉग प्रोसेसरला रिसेट करतो, सेन्सरची वीज तोडत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने उठलेला प्रोसेसर पुन्हा त्याच सेन्सरपुढे जाऊन अडकत होता.

उपाय जुनाच आहे. आयटूसी सुरू करण्याआधी एससीएलला साधी पिन म्हणून हाताळून ९ क्लॉक द्यायचे आणि शेवटी स्टॉप. सेन्सर उरलेले बिट देऊन टाकतो आणि लाइन सोडतो. ड्रायव्हरमधल्या सापडलेल्या प्रत्येक वाट बघण्याला मुदतही घातली.

ते खड्डे मोजताना आणखी एक गोष्ट कळली. मी वॉचडॉग ४ सेकंदांचा ठेवला होता, पण हिशेब ऑसिलेटर ४० किलोहर्ट्झ धरून केलेला. डेटाशीटप्रमाणे तो ३० ते ६० मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे माझे ४ सेकंद एखाद्या चिपवर २.७ भरतील, दुसरीवर ५.३. माझ्या हातातल्या चिपवर ४.३ भरले. तेव्हापासून लूपचा सगळ्यात लांब फेरा मी २ सेकंदांच्या आत ठेवते.

किक कुठून मारायची, हा खरा प्रश्न. नुसती मुख्य लूपमध्ये टाकूनही भागत नाही, कारण लूप फिरत राहून एखादं काम मागे पडू शकतं. आता मोजणं, साठवणं आणि पाठवणं ही तिन्ही कामं लूपमधला आपापला फेरा पूर्ण झाल्यावरच एकेक बिट लावतात; पाठवायला काही नसलं तरी पाठवण्याचा फेरा धरला जातो. तिन्ही बिट लागले तर किक, आणि लगेच बिट पुसायचे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात एक टास्क (काम) दुसऱ्या टास्कचं काम वेळेत संपलं का ते तपासत असे आणि नसेल संपलं तर रिसेट होई. कमी महत्त्वाच्या कामामुळे जास्त महत्त्वाचं काम अडून राहण्याचा (प्रायॉरिटी इन्व्हर्जनचा) दोष त्या रिसेटांमुळेच उघडा पडला.

हार्डफॉल्ट हँडलरमध्ये, म्हणजे गंभीर चूक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, मी किक ठेवलेली नाही. त्या हँडलरमध्येच पुन्हा फॉल्ट झाला तर कॉर्टेक्स-एम३ (या चिपमधला प्रोसेसर) लॉकअपमध्ये जातो आणि कोड चालणंच थांबतं. तिथे वॉचडॉगच कामाला येतो.

रिसेटनंतर सगळ्यात आधी मी रिसेटचं कारण सांगणारे फ्लॅग वाचते, मग पुसते. प्रत्येक टप्प्याचा क्रमांक रॅमच्या अशा भागात लिहिते, जो स्टार्टअप कोड शून्य करत नाही. वीज गेलेली नसल्याने तो टिकतो. कोड तपासताना डीबगरने प्रोसेसर थांबवला की वॉचडॉगही थांबावा, यासाठीचा बिटही लावून ठेवला आहे.

काल रात्रीच्या ओळींत एक नोंद होती: वॉचडॉग रिसेट १, टप्पा ५. टप्पा ५ म्हणजे सेन्सर वाचणं. म्हणजे मुदत न घातलेली एखादी वाट अजून तिथे राहिली आहे, ती आज शोधते आहे. पुढची ओळ मात्र वेळेवर आली होती. सेन्सर वाचणं अडकलं त्या क्षणी शेजारचा रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटला होता आणि सेन्सरची वायर त्याला अगदी चिकटून जाते. आज ती दुसऱ्या बाजूने वळवली आहे, लाइन वर ओढून धरणारे पुल-अप रेझिस्टरही १० किलोओहमऐवजी ४.७ चे लावलेत. आता स्कोपवर एसडीए ठेवून रिले पुन्हा पुन्हा सोडून बघते आहे.