तुम्ही विचारलंत म्हणून: हाताच्या फोडांना मी काय लावते?

"ताई, हाताला काय झालंय? आणि लावता काय?" डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, त्यामुळे माझे हात सतत लोकांच्या नजरेसमोर असतात. पहिला प्रश्न काळजीपोटी येतो. दुसरा विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणाला तरी तसेच फोड आलेले असतात आणि ट्यूबचं नाव हवं असतं. ते मी सांगत नाही. काहींना राग येतो, म्हणून कारण लिहून ठेवते.

हा इसबाचाच एक प्रकार. डॉक्टर त्याला पॉम्फोलिक्स किंवा डिसहायड्रोटिक एक्झिमा म्हणतात. आधी बोटांच्या कडांना, तळहाताला किंवा तळपायाला खाज सुटते, आग होते. मग जाड कातडीखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक, घट्ट फोड दिसू लागतात. दोन-तीन आठवड्यांत ते सुकतात, सालपटं निघतात आणि खालची कोवळी कातडी चिरते. ती भरते न भरते तोच पुढची खेप येते. १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर टिलबरी फॉक्स यांनी याचं वर्णन केलं, तेव्हा घाम आत कोंडून फोड येतात असा त्यांचा समज होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर घामाच्या नळ्यांचा दोष नाही, त्वचेच्या वरच्या थरालाच सूज येते, हे कळलं. उकाड्याने, घामाने आणि मनावरच्या ताणाने ते उसळतं हे मात्र खरं. मे महिना आणि ऑक्टोबरचा उकाडा डोंबिवलीत काढणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हातात हात दिल्याने नाही, एका टॉवेलने नाही, फोडातलं पाणी लागल्यानेही नाही. हळदीकुंकवाला हात मागे घेणाऱ्या बायकांना मी हे शांतपणे सांगते. तरीही कातडी फुटलेली असताना मी उघड्या हाताने कणकेला शिवत नाही. उघड्या जखमेवर जंतू बसतात आणि ते अन्नात जाऊ शकतात. माझ्याकडून पोळी नेणाऱ्याला एवढी खात्री मिळायलाच हवी.

आता मलम. फोड पाणावलेले असतात आणि कातडी भेगाळलेली असते, या दोन दिवसांचे उपाय अगदी वेगळे. ओल्या दिवसांत मला डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात हात बुडवायला सांगितलं. पाणी अगदी फिकं गुलाबी हवं, जांभळं झालं तर ते जास्त झालं. एकही खडा विरघळायचा राहता कामा नये, तो कातडी भाजतो. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नखं तपकिरी होतात, ती होऊ द्यायची. फोड सुईने फोडायचे नाहीत. तळपायाला मोठा फोड येऊन पाऊल टेकवेना, तर डॉक्टर निर्जंतुक सुईने पाणी काढतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात.

त्यानंतर स्टिरॉइडचं मलम, ठरलेल्या दिवसांपुरतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून डॉक्टर तिथे जोरदार औषध देतात. तीच ट्यूब कुणी चेहऱ्याला किंवा जांघेत लावली, तर तिथली कातडी पातळ होऊन कायमची खराब होऊ शकते. भेगांच्या दिवसांत साधं व्हॅसलीन, तेही हात जरा ओलसर असतानाच, आणि रात्री वरून सुती हातमोजे. एवढ्यानेही आटोक्यात आलं नाही तर अतिनील किरणांचे उपचार असतात, गोळ्या असतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

पण नाव न सांगण्याचं मोठं कारण दुसरंच आहे. कधी पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असतात, पावसाळ्यात तर घरोघरी, आणि त्या बुरशीवरची प्रतिक्रिया म्हणून हातांवर फोड उठतात. हातात बुरशी नसतेच. हाताला कितीही मलम चोपडा, पायावर इलाज होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा येतं. कधी बुरशी खुद्द हातातच असते आणि दिसते इसबासारखी. अशा वेळी मेडिकलमधून आणलेली ती तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब लावली की स्टिरॉइडमुळे खाज आणि लाली ओसरते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती सहज मिळतात. कातडीचा जरासा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे की नाही ते कळतं. ही तपासणी साधी आहे, ती करून घ्या.

माझी पॅच टेस्टही झाली, म्हणजे कातडीला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायची तपासणी. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, नंतर पुन्हा एकदा बघतात. माझ्यात निकेल निघालं. खोटे दागिने, घड्याळाचा बक्कल, सेफ्टी पिना गेल्या. कुणाला लसूण निघते, कुणाला हातमोज्यातली रबराची रसायनं, कुणाला चामड्यातला क्रोमियम. (जुन्या पद्धतीने झाडाच्या सालीत कमावलेल्या कोल्हापुरी चपलेत क्रोमियम नसतो, पाय उसळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) कामाची पद्धतही बदलली. कणीक यंत्रात मळली जाते. भांडी घासताना आत सुती, वर रबरी मोजे घालते आणि ते आतून दमट झाले की लगेच काढते. अंगठी काढून ठेवली, कारण तिच्याखाली साबण अडकून राहतो.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण अडचण रोजची आहे. सालपटं निघताना बोटांचे ठसे पुसट होतात. रेशनच्या दुकानात मशिनवर अंगठा ठेवावा, तो उमटत नाही, मागची रांग कुजबुजायला लागते. अशा वेळी डोळ्यांची ओळख किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालतो का ते ठामपणे विचारा. ठसे झिजलेला माणूस खोटा नसतो. धुणीभांडी करणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या कितीतरी जणांचं हेच होतं.

फोडांत पू झाला, पिवळी खपली धरली, ठणका लागला, ताप आला किंवा लाल रेघ मनगटाकडे चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी स्किनच्या डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना घरात आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. आणि हात दाखवायला गेलात तरी मोजे काढून पायही दाखवा.