लाडूच आहेत ते, सोडा

17 जुलै 2024, बुधवार, आषाढी एकादशी. लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल रविवारी सुरू झालं होतं, म्हणजे हा चौथा दिवस. त्या दिवशी माझ्या तोंडून चार शब्द गेले. ते जायला नको होते.

हातातल्या बॅगा तपासायची एक्स-रे मशीन बसवणं, लावून देणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हे माझं काम. कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. मी धानोरीत राहतो, त्यामुळे पुण्याचं काम निघालं की साहजिकच माझ्याकडे येतं. नव्या इमारतीचं उद्घाटन पंतप्रधानांनी 10 मार्चला दूरदृश्य प्रणालीने केलं आणि प्रवासी आले 14 जुलैला. मधल्या चार महिन्यांत घरचे, शेजारचे, किराणावालेसुद्धा विचारत होते, "उद्घाटन झालं ना? मग अडलंय कुठे?" इमारत उभी राहणं वेगळं आणि तपासणी उभी राहणं वेगळं, हे बाहेरून दिसत नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या वाढीव मनुष्यबळाची मंजुरी हवी. आलेल्या माणसांना नवी जागा, नवी मशीन, नवे आडोसे अंगवळणी पडायला हवेत. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोला सगळं पटायला हवं. शिवाय आमच्यासारख्यांच्या रात्री.

त्यातल्या दोन रात्री एका चौकटीपायी गेल्या. प्रवासी जिच्यातून चालत जातात ती धातू शोधणारी चौकट, आम्ही तिला डीएफएमडी म्हणतो. शेजारच्या एक्स-रेचा पट्टा सुरू झाला की चौकटीचा गुडघ्याच्या उंचीचा दिवा उगाच लागायचा. माणूस नाही, धातू नाही, तरी दिवा लाल. पट्ट्याच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र तिथवर पोचत होतं. चौकटीची संवेदनशीलता थोडी उतरवली असती तर दोन मिनिटांत दिवा गप्प झाला असता आणि आमच्या वरिष्ठांनी फोनवर तेच सुचवलं. मी ऐकलं नाही. संवेदनशीलता उतरवली की मोटरबरोबर कुणाच्या मोज्यातलं पातंही गप्प होतं. चौकट इंच-इंच सरकवत, दर वेळी खिशात नमुन्याचा तुकडा ठेवून आत-बाहेर करत, तेरा इंचांवर ती शांत झाली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. त्या तेरा इंचांचा मला आजही अभिमान आहे.

मशीनची रोजची चाचणी असते. एका पेटीत पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारी पोलादी पट्टी आणि बारीक तारा बसवलेल्या असतात. पेटी पट्ट्यावरून सोडायची आणि कितव्या पायरीखालची कितव्या गेजची तार पडद्यावर दिसते ते रजिस्टरला लिहायचं. 40 गेजची तार म्हणजे सुमारे 0.12 मिलिमीटर, केसापेक्षा थोडी जाड. माझ्या मशीनवर ती स्वच्छ दिसत होती. सरावासाठीच्या बॅगाही आम्हीच भरल्या होत्या: कपडे, लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली, कुठेतरी चाकू, कुठेतरी नकली पिस्तूल. सगळ्या पकडल्या गेल्या. पण त्या एकाच खोलीत बसून दोघातिघांनी भरलेल्या बॅगा होत्या. घरची बाई रात्री अकरा वाजता, मुलीची आठवण काढत, वर गुडघा ठेवून जी बॅग बंद करते तशी एकही बॅग आमच्या सरावात नव्हती.

ती बॅग एकादशीला आली. सकाळची गर्दी होती, मुहर्रमची सुट्टीही त्याच दिवशी. सुरुवातीचे दिवस म्हणून मी मशीनपाशीच उभा होतो. पडद्यासमोर दलाची एक तरुण जवान होती, बोलण्यावरून ओडिशाकडची वाटत होती. पडद्यावर एका माणसाला सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत, नंतर डोळे बघतात पण मन बघत नाही. तिची सात-आठ मिनिटं झाली असतील. निळ्या कापडाची, चेन ताणलेली एक हातबॅग आत गेली आणि तिने पट्टा थांबवला.

पडद्यावर काय होतं ते नीट सांगतो. या मशीनला वस्तूचं नाव कळत नाही. कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांचे किरण वस्तूतून जातात, कुठले किती अडले त्यावरून ती कशाच्या जातीची ते मशीन ठरवतं आणि रंग देतं. धातू निळा. मधलं काही असेल तर हिरवा. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचं म्हणजे कापड, कागद, लाकूड, अन्न, ते नारिंगी. बहुतेक स्फोटकंही अशाच हलक्या मूलद्रव्यांची, म्हणून तीही नारिंगी. दाटपणा जेवढा जास्त तेवढा रंग गडद. त्या बॅगेत गडद नारिंगी गोळे होते, जवळजवळ एकसारखे, दोन थरांत, खालच्या दोन गोळ्यांच्या खाचेत वरचा एक. त्यांच्या अंगाला लागून निळी मोटर, मोटरमागे आयताकृती बॅटरी, बॅटरीतून निघालेल्या दोन तारा. आणि या सगळ्याभोवती दोन वेढे घेतलेली एक नळी. प्रशिक्षणाच्या पुस्तकात जे चित्र आठवणीत ठेवायला सांगतात, ते जवळजवळ हेच.

मला ते तसं दिसलंच नाही. मला लाडू दिसले. डिंकाचे, खारीक-खोबऱ्याचे. आमची आई ते वळते तेव्हा डब्यात असेच रचते, खाचेत खाच. आणि ती मोटर म्हणजे दूध काढायचा पंप. माझ्या बायकोने आमच्या दुसऱ्या मुलीच्या वेळी वापरला होता, नळी अशीच गुंडाळून ठेवायची. दोन सेकंदांत बाळंतिणीची अख्खी पिशवी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मागे रांग थांबली होती, नव्या टर्मिनलमध्ये पहिल्याच आठवड्यात आपल्या मशीनवर रांग तुंबलीय हे मला सलत होतं, आणि मी वाकून म्हणालो, "लाडूच आहेत ते, सोडा."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्यावरची नजर न हलवता शांतपणे म्हणाली, "लड्डू होंगे सर, पर मुझे लड्डू नहीं दिख रहे." आणि सब-इन्स्पेक्टरांना हात केला.

बॅग बाजूला घेतली. मालकीण साठीच्या पुढच्या एक काकू होत्या, सुती पाचवारी, हातात बोर्डिंग पास दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेला. पहिलाच विमानप्रवास. दिल्लीला धाकटीकडे निघाल्या होत्या, बाळ आठव्या महिन्यात झालं होतं आणि काचेच्या पेटीत होतं. मराठी बोलणारा म्हणून मला बोलावलं, तेव्हा हे कळलं. लाडू आणि पंप एकाच बॅगेत कसे आले तेही कळलं. शेजारणीने सांगितलं होतं की खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही. हे अर्धं खरं आहे. अख्खं सुकं खोबरं त्याच्या तेलामुळे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात आणि चेक-इनमध्ये घेत नाहीत, किसून लाडवात घातलेल्याचा प्रश्न वेगळा. पण काकूंनी धोका नको म्हणून डबा हातबॅगेत घेतला. पंप थोरल्या लेकीचा. जावयाने फोनवर बजावलं होतं की बॅटरीची वस्तू हातातच ठेवा, आणि तेही योग्यच. स्टीलचा डबा उघडायला लावतात असं ऐकलं म्हणून लाडू प्लास्टिकच्या डब्यात भरले. सगळ्यांचं ऐकून, एकेक सूचना पाळून त्या बाईने नकळत ते चित्र तयार केलं होतं.

"बाबा, त्याला हात लावणार का ते?" त्यांनी मला विचारलं. सोवळ्या-ओवळ्याचा तो प्रश्न नव्हता, बाळंतिणीच्या पोटात जायचंय म्हणून विचारत होत्या. मी म्हणालो, "काकू, हातमोजे घालतील, आणि लाडवाला नाही, डब्याला पट्टी लावतील." तसंच झालं. स्फोटकांचे कण शोधणाऱ्या यंत्राची कापडी पट्टी हँडलवर, चेनवर, डब्याच्या कडेवर, पंपावर फिरवली आणि यंत्रात घातली. निकाल यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात काकूंनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. निकाल स्वच्छ आला.

रांगेतल्या लोकांबद्दल मला बोलायचंय. "अहो, म्हातारीचे लाडू काय तपासताय", "इतकी भारी मशीन आणली आणि लाडू कळत नाहीत" असं चांगले शिकलेले लोक मोठ्याने बोलत होते. त्यांना वाटत होतं ते काकूंची बाजू घेतायत. काकू त्या आवाजांनी आणखी आक्रसत होत्या, आपल्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय म्हणून. ज्या मुलीने बॅग थांबवली होती, तिची पाठ त्या सगळ्यांकडे होती आणि तिला मराठी कळत नसलं तरी सूर कळत होता. मला त्या लोकांचा राग आला. आणि मग लक्षात आलं की त्यांच्याही आधी, अगदी तिच्या कानाशी, तेच मी बोललो होतो. फरक एवढाच की माझ्या गळ्यात प्रवेशपत्र होतं, आणि मशीनवाला सोडा म्हणतो याला रांगेतल्या माणसाच्या म्हणण्यापेक्षा वजन असतं.

मशीन लावणाऱ्याने पडद्यावरच्या निर्णयात पडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर 2000 च्या फेब्रुवारीत जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा या दलाकडे द्यायला सुरुवात झाली. कुणाच्या ओळखीवर, कुणाच्या शब्दावर काही सुटू नये म्हणून हा सगळा डोलारा उभा आहे. हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवत आलोय.

डबा आणि पंप वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवून पुन्हा पट्ट्यावर सोडले. एका ट्रेत नारिंगी गोळे, दुसऱ्यात मोटर आणि नळी. वेगळे केल्यावर दोन्ही अगदी निरुपद्रवी दिसत होते. काकूंच्या हाताला कंप होता म्हणून सब-इन्स्पेक्टरांनी बॅगेची चेन लावून दिली आणि एका जवानाला गेटपर्यंत सोबत पाठवलं. विमान मिळालं. मी नंतर विचारून घेतलं.

पडद्यावरची मुलगी वीस मिनिटं झाल्यावर उठली. मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "आप को दिखा, मुझे नहीं दिखा, बस." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं.

आमच्या कंपनीने प्रशिक्षणासाठी दिलेल्या चित्रांच्या संग्रहात चीजचे तुकडे आहेत, चॉकलेटचे बार आहेत, वाइनच्या बाटल्या आहेत. पुरणपोळ्यांची चळत नाही, डिंकाचे लाडू नाहीत, गुळाची ढेप नाही, मेतकुटाची पुडी नाही. मी चार पानं लिहून पाठवली, चित्रं कशी जमवता येतील तेही लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पण लिहिताना मला वाटत होतं की अडचण ओडिशाच्या मुलीची आहे, तिला लाडू ओळखता यायला हवेत.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका शहरात मालवाहतुकीच्या नव्या स्क्रीनर्सना मशीनची ओळख करून द्यायची होती. आठ जण होते. मी आईकडून डबा भरून नेला. बायकोचा जुना पंप नेला. लाडवांच्या दोन थरांमध्ये प्रशिक्षणाची वडी ठेवली, स्फोटकासारखा दाटपणा असलेली पण निरुपद्रवी. नळी दोन वेढे देऊन गुंडाळली, निळी कापडी बॅग घेतली, वर गुडघा ठेवून चेन ओढली. एकेकाला स्वतंत्र पडद्यासमोर बसवलं.

सहा जणांनी बॅग थांबवली. दोघांनी सोडली. सोडणाऱ्यांतला एक संगमनेरचा, एक साताऱ्याची. मी तिला विचारलं, का सोडलीस?

"सर, डिंकाचे लाडू आहेत ना ते," ती म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला होता. "आमची आई अस्सेच रचते."

मी डबा उघडला आणि वरचा थर उचलला.