एकादशीची वाट

आषाढीला पंढरपूर यंदाही जमलं नाही. म्हणून आम्ही दोघींनी इथेच, कोलोरॅडोत, एकादशीला रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधली यूट ट्रेल चालायची ठरवलं. जेमतेम 10 किलोमीटर, बराचसा उतारच. डब्यात साबुदाण्याची खिचडी, गळ्यात आजीची तुळशीची माळ.

ट्रेल रिज रोडवर उतरताना वाऱ्याने गाडीचं दारच हातातून हिसकावलं. साडेतीन हजार मीटरच्या आसपासची उंची, झाड नावाला नाही. मी 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' सुरू केलं, पण आडव्या वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. जोडीने चालायची सोय नाही. इथली रोपं-फुलं पायाखाली गेली, तर पुन्हा धरायला शेकडो वर्षं लागू शकतात, म्हणून एकामागे एक, पायवाटेवरूनच. कडेला मॉस कॅम्पियनची नखाएवढी गुलाबी फुलं जमिनीला घट्ट बिलगलेली. मी वाकून बघेपर्यंत मैत्रीण लांब गेलेली असायची. फार राग येत होता. वारीत सोबतीला टाकून कुणी असं पुढे जातं का?

टिंबरलाइन पास या खिंडीच्या अलीकडे टाचेचा फोड फुटला. खडकाच्या आडोशाला बसून मोजा सोलत होते, तेवढ्यात खालून एक पांढऱ्या केसांची बाई आली. काही न विचारता समोर बसली आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. "अहो, नको, पाय नको," मी मराठीतच बोलून गेले. आजीच्या वयाच्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा? तिने स्वतःच्या रुमालाने टाच कोरडी केली, चिकटपट्टी कापली. वाऱ्याने ती गुंडाळली गेली. तिने दुसरी कापली, कोपरे गोल केले. म्हणजे सुटत नाही म्हणाली. इथले मूळचे अरापाहो लोक या वाटेला मुलांची वाट म्हणत, चढ इतका की मुलांना घोड्यावरून उतरून चालावं लागे, हेही तिनेच सांगितलं.

दिवे घाटात आजीने मला असंच कडेवरून उतरवलं होतं. "आता तुझं तू चाल, माऊली."

मी वाकून तिच्या बुटांना हात लावला. ती दचकली, मग हसून मला उठवलं.

मैत्रीण परत आली तेव्हा ढग भरून आले होते. उरलेली वाट ती माझ्या मागून चालली. खाली झाडी लागली, वारा पडला, तेव्हा कुठे ऐकू आलं. मागे तिचं 'ज्ञानोबा माऊली' चालू होतं, कधीपासून कोण जाणे.