एंकहाउझेन: गोव्याचं वर्णन जिथे लिहिलं गेलं

नेदरलँड्सला येणारे आपले बहुतेक लोक अ‍ॅम्स्टरडॅमचे कालवे, ट्यूलिपची बाग आणि पवनचक्क्या बघून परततात. त्यातला एक दिवस काढून एंकहाउझेनला जा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. गाव देखणं आहेच. पण कोकण-गोव्याच्या इतिहासाची थोडी जरी आवड असेल, तर या छोट्या बंदराशी आपलं जुनं नातं आहे.

जाणं सोपं आहे. अ‍ॅम्स्टरडॅम सेंट्रलहून इंटरसिटी गाडी साधारण तासाभरात पोचवते. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना आणि उतरल्यावर मशिनला लावायचं. उतरल्यावर लावायला मात्र विसरू नका. वाटेतलं होर्न गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना सपाट शेतं लागतात. एप्रिलच्या अखेरीस आलात तर ट्यूलिपचे पट्टे गाडीतूनच दिसतात. एंकहाउझेन हे शेवटचं स्टेशन. रूळ बंदराशीच येऊन संपतात आणि बाहेर पडलात की समोर डोलकाठ्याच डोलकाठ्या.

स्टेशनवरून पाण्याच्या कडेकडेने ड्रोमेडारिसकडे चालत जा. १५४० मध्ये बांधलेला हा बंदराच्या तोंडावरचा बुरूज-दरवाजा. १६४९ मध्ये त्याची उंची वाढवली. वरच्या घंटा हेमोनी बंधूंनी ओतलेल्या आहेत, आणि त्या वाजायला लागल्या की बंदरभर ऐकू येतात. शेजारच्या उचलत्या पुलावर पाच-दहा मिनिटं थांबा. शिडाची बोट आली की वाहतूक थांबते, पूल वर जातो, आणि सायकलवाले एक पाय टेकवून निवांत उभे राहतात. इथे अजूनही पहिला मान बोटीचा.

गावाच्या चिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत, आणि गावाचा पैसा खरंच आधी हेरिंगमधून आला. उत्तर समुद्रात मासा पकडायचा, बोटीवरच साफ करून मीठ लावायचं आणि पिंपांत भरून युरोपभर विकायचा. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे व्हीओसी, स्थापन झाली तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक या गावाला मिळाली. कंपनीच्या कामकाजात एंकहाउझेनचा वाटा सोळाव्या हिश्श्याचा होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वीस हजारांहून जास्त माणसं राहत होती. आज राहतात अठरा-एकोणीस हजार.

आता मूळ मुद्दा. याच गावात वाढलेला यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा तरुण १५८३ मध्ये पोर्तुगीज जहाजाने गोव्याला पोचला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून राहिला. पाचएक वर्षं तो गोव्यात होता. पोर्तुगिजांनी पूर्वेकडचे सागरी मार्ग जिवापाड लपवून ठेवले होते. हा मात्र कागदपत्रांच्या जवळ बसलेला, चौकस आणि लिहिता. मार्ग, वारे, बंदरं, मालाचे भाव असं सगळं तो टिपत गेला. फणस, आंबा, काजू, अननस, नारळ यांच्याबद्दल त्याने सविस्तर लिहिलं. जुन्या गोव्याच्या बाजाररस्त्याचं एक चित्रही त्याच्या ग्रंथात आहे: लिलावासाठी मांडलेला माल, पालख्या, छत्र्या धरणारे नोकर, आणि त्याच रस्त्यावर विकायला उभे केलेले गुलाम. सोळाव्या शतकातला गोवा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर या चित्रापासून सुरुवात करावी.

१५९२ मध्ये तो एंकहाउझेनला परतला. गावचा डॉक्टर पालुदानस हा मोठा विद्वान होता. जगभरच्या शिंपल्या, बिया, दगड आणि चमत्कारिक वस्तूंचा त्याचा संग्रह बघायला दूरदूरहून लोक येत. त्याच्या मदतीने आणि टिपांसह लिन्सखोतेनचा ग्रंथ १५९६ मध्ये छापून आला. त्यातला जलमार्गांचा भाग आदल्या वर्षीच तयार होता आणि पूर्वेकडे निघालेल्या पहिल्या डच ताफ्याने तो सोबत नेला. पोर्तुगिजांचं गुपित फुटलं ते असं, एका लेखनिकाच्या वह्यांतून. पुढे चाळीसएक वर्षांत डचांनी गोव्याच्या तोंडावर दरवर्षी आरमारी वेढा घालायला सुरुवात केली, आणि त्या जहाजांना अन्नपाणी मिळावं, बातम्या कळाव्यात म्हणून १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार उभी केली. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष पाहिलेल्यांना एंकहाउझेनच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर काय वाटेल, ते मी सांगायला नको.

लिन्सखोतेन १६११ मध्ये इथेच वारला. त्याच्या नावाचं मोठं स्मारक शोधत फिरू नका. त्याचा काळ गल्ल्यांमधूनच बघायचा. वेस्टरकेर्क या जुन्या चर्चशेजारी वेगळा उभा असलेला लाकडी घंटाघर-मनोरा बघा. चीजबाजारातली १५५९ ची वजनकाट्याची इमारत बघा. मग वीरडाइक रस्त्यावरच्या पेपरहाउसकडे, म्हणजे मिरीच्या घराकडे वळा. ही १६२५ ची दुहेरी इमारत; पुढे व्हीओसीने ती कोठारासारखी वापरली. मान वर करून दर्शनी भिंतीवरचा कोरीव दगड नीट पाहा.

हे सगळं इतकं शाबूत कसं राहिलं? गावाची पडती झाली म्हणून. व्यापार अ‍ॅम्स्टरडॅमने ओढून नेला, बंदर गाळाने भरत गेलं, हेरिंगचा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकात वस्ती पाच-सहा हजारांवर आली, घरांच्या ओळीच्या ओळी पाडल्या गेल्या आणि जुन्या तटाच्या आत शेती होऊ लागली. नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून उरलेलं जुनं टिकलं. वायव्येकडच्या बूरेनहूक भागात गेलात तर अरुंद कालवे, लाकडी पूल आणि गावाच्या पोटातच शेतकऱ्यांची घरं दिसतील. पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत. मला सगळ्या गावात हाच भाग जास्त आवडला.

दुसरा घाव विसाव्या शतकातला. १९१६ च्या पुरानंतर झाउडरझे हा समुद्राचा आत घुसलेला भाग बंद करायचं ठरलं. अभियंता कोर्नेलिस लेली यांच्या आराखड्यानुसार ३२ किलोमीटरचा बांध १९३२ मध्ये पुरा झाला. खाऱ्या पाण्याचं गोडं तळं झालं, हेरिंग गेला, अँचोव्ही गेला, आणि काठची कोळी गावं एका पिढीत हातचा धंदा गमावून बसली. देश सुरक्षित झाला हे खरं, पण किंमत मोजली ती या लोकांनी.

त्यांची आठवण जपणारं झाउडरझे संग्रहालय हेच इथलं मुख्य ठिकाण. पेपरहाउसमध्ये त्याचा बंदिस्त भाग आहे. उघड्यावरच्या भागात काठाकाठच्या गावांतून आणलेली सुमारे १४० घरं, दुकानं आणि कारखाने पुन्हा उभे केले आहेत. औषधाच्या जुन्या दुकानात जीभ बाहेर काढलेले लाकडी रंगीत मुखवटे टांगलेत. अशी मुंडकी डच औषधवाले दाराबाहेर पाटीसारखी लावत. कोळ्यांची घरं बघताना आतल्या पलंगांकडे लक्ष द्या: भिंतीतल्या कपाटात झोपायची सोय, तीही पाय पसरायला पुरणार नाही एवढीच. सुती जाळी कुजू नयेत म्हणून ती काथाच्या गरम पाण्यात बुडवत, आणि तो काथ यायचा आशियातून. आपल्याकडचे कोळीही झाडांच्या सालीत जाळी रंगवत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना इथली तपकिरी जाळी ओळखीची वाटतील.

उघड्यावरचा भाग पूर्ण रूपात फक्त एप्रिल ते ऑक्टोबर चालतो. हिवाळ्यात मुद्दाम त्यासाठी जाऊ नका. हंगामात स्टेशनजवळच्या धक्क्यावरून बोट सुटते. तिनेच जा, कारण गाव पाण्यावरून बघायला मिळतं. संग्रहालयाला निदान चार तास ठेवा, आणि गाव सकाळी आधी उरकून घ्या. उन्हाळ्यातही विंडचीटर हवंच. वारा ऐकत नाही. मासे खाणाऱ्यांनी धुरावलेला मासा जरूर चाखावा. शाकाहारी मंडळींनी वाटाण्याचं सूप मागवण्याआधी विचारावं, त्यात हमखास मांस असतं. चीज सँडविच आणि पॉफर्चेस, म्हणजे छोटे गोड पॅनकेक, कुठेही मिळतात. ज्येष्ठ सोबत असतील तर बुटांची निवड नीट करा, सगळीकडे विटांचे आणि गोट्यांचे रस्ते आहेत.

हातात पूर्ण दिवस असेल आणि संग्रहालय वगळायची तयारी असेल, तर दुसराही बेत आहे: होर्नहून वाफेच्या ट्रामने मेडेम्ब्लिक, तिथून बोटीने एंकहाउझेन आणि ट्रेनने परत. ट्राम आणि बोट रोज नसते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून, दोन्हींची जागा एकत्र आरक्षित करूनच निघा.